बाळाला घेऊन समुद्रावर

समुद्र पाहायला मुहूर्त लागत नाही. सकाळी उठावे, हवा बरी दिसावी, कुणीतरी म्हणावे, "चला, आज समुद्रावर जाऊ," आणि तासाभरात सारे घर बाहेर पडावे. अशी अचानक निघालेली सहल फार गोड लागते. महिनाभर आधी ठरवलेली सहल पुष्कळदा राहूनच जाते. कधी पाहुणे येतात, कधी झोडणी निघते, कधी खिशात पैसे नसतात. म्हणून मन झाले की निघावे, हेच बरे.

पण घरात तान्हे बाळ असेल तर? मग घरात दोन मते होतात. आजी म्हणते, "एवढ्याशा लेकराला कुठं वाऱ्यावर नेता?" आई म्हणते, "मग पोर मोठं होईपर्यंत मी घरातच बसू का?" दोघींचेही खरे आहे. बाळाला जपायला हवे, आणि आईलाही कधी मोकळी हवा हवी.

मग काय करावे? आम्ही सांगतो. बाळाला एक घड्याळ असते. भूक, झोप आणि ऊन यांचे ते घड्याळ. समुद्रालाही एक घड्याळ असते. भरती आणि ओहोटी यांचे ते घड्याळ. ही दोन घड्याळे वाचता आली, तर आयत्या वेळी निघालेली सहलही सुखाची होते. ती वाचायला फार शिक्षण लागत नाही. तुम्ही आता अक्षरे आणि आकडे वाचू लागला आहात. तेवढे पुरे.

पिशवीत काय घ्यावे?

आयत्या वेळी निघायचे म्हणजे पिशवी भरायला वेळ थोडा. तेव्हा काय घ्यायचे ते आधीच माहीत असावे. चार-पाच सुती झबली, डझनभर लंगोट, दोन दुपटी, एक टोपडे, अंथरायला गोधडी, टॉवेल आणि एक मोठी छत्री. घरचे पिण्याचे पाणी भरपूर घ्यावे. ओले कपडे ठेवायला एक पिशवी वेगळी असावी.

आता बाळाच्या पोटाचे पाहू. सहा महिने पुरे होईपर्यंत बाळाला फक्त आईचे दूध द्यावे. वरचे पाणीसुद्धा नको. पुष्कळांना वाटते, उन्हातून नेले तर घोटभर पाणी पाजावे. त्याची गरज नसते. आईच्या दुधाच्या शंभर भागांत सुमारे ८७ भाग पाणीच असते. उष्मा असेल त्या दिवशी आईने बाळाला जास्त वेळा अंगावर पाजावे. आणि आईने स्वतः भरपूर पाणी प्यावे. आई प्यायली की बाळाला मिळाले, असे समजा.

सहा महिन्यांनंतर आईचे दूध चालूच ठेवावे आणि जोडीला मऊ भात, वरण, खिमट द्यावे. पण शिजवलेले मऊ अन्न उष्म्यात दोन तासांत बिघडू लागते. डब्यातला सकाळचा भात बाळाला दुपारी भरवू नये. प्रवासात सगळ्यात सोयीचे म्हणजे केळे. देवाने ते सालीत बांधूनच पाठवले आहे. आयत्या वेळी सोलावे, चमच्याने कुस्करावे, भरवावे. या वयाच्या बाळाला उकळून गार केलेले पाणी चालते. मध मात्र वर्षाच्या आतल्या बाळाला चाटवू नये. मोठ्यांना न बाधणारे काही जंतू त्यात असू शकतात. बाळाला ते फार बाधतात.

जायचे कशाने? तान्हे बाळ मांडीवर घेऊन मोटारसायकलवरून लांब जाऊ नये. एस.टी. बरी. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला एस.टी.त तिकीट पडत नाही. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एस.टी.त अर्धे तिकीट झाले. तेव्हापासून घरातल्या बायकांना घेऊन निघणे सोपे झाले आहे. एस.टी.च्या अनेक स्थानकांवर 'हिरकणी कक्ष' अशी पाटी दिसते. ती नीट वाचून ठेवा. आईने बाळाला निवांत पाजावे म्हणून केलेली ती खोली असते. हिरकणी ही रायगडाच्या पायथ्याची गवळण. गडाचे दरवाजे बंद झाले, बाळ खाली घरी राहिले, तेव्हा ती रात्री अवघड कडा उतरून बाळाकडे गेली, अशी कथा सांगतात. तिचेच नाव त्या खोलीला दिले आहे.

समुद्राचे घड्याळ

समुद्राचे पाणी दिवसातून साधारण दोनदा चढते आणि दोनदा उतरते. चढते ती भरती. उतरते ती ओहोटी. पाणी चढायला सहा तासांहून थोडे अधिक लागतात. उतरायलाही तितकेच लागतात.

हे कशामुळे होते? मुख्यतः चंद्राच्या ओढीमुळे. चंद्र पृथ्वीवरच्या पाण्याला ओढतो. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो, हे तुम्ही पाहिलेच असेल. तशी भरतीची वेळही रोज सुमारे ५० मिनिटे पुढे जाते. आज तीन वाजता भरती असेल, तर उद्या ती चारच्या थोडी आधी येईल.

आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांनी यावरून एक सोपे गणित बसवले आहे. तिथीची पाऊणपट करा. जो आकडा येईल, त्या वाजता भरती पुरी. पाऊणपट म्हणजे चार भागांतले तीन भाग. उदाहरणे पाहा.

चतुर्थी असेल तर ४ ची पाऊणपट ३. म्हणजे दुपारी ३ वाजता भरती. पहाटेही त्याच सुमारास भरती.

अष्टमी असेल तर ८ ची पाऊणपट ६. म्हणजे सकाळी ६ ला आणि संध्याकाळी ६ ला भरती.

द्वादशी असेल तर १२ ची पाऊणपट ९. म्हणजे सकाळी ९ ला आणि रात्री ९ ला भरती.

पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर १५ ची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दुपारच्या आणि मध्यरात्रीच्या आधी भरती.

भरतीच्या वेळेत सहा तास मिळवा, ओहोटीची वेळ आली. तिथी भिंतीवरच्या कॅलेंडरात छापलेली असते. चहा उकळेपर्यंत हे गणित होते. हल्ली फोनवरही भरतीची वेळ पाहता येते. पण फोनला रेंज नसली तरी तिथी कुठे जात नाही! हे गणित मुंबई-अलिबागकडे बरेच जुळते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. दुसऱ्या किनाऱ्यावर गेलात तर तिथल्या कोळ्यांना विचारावे.

उधाण आणि भांग

भरती रोज सारखी नसते. पौर्णिमेला आणि अमावास्येला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात. सूर्याची आणि चंद्राची ओढ एकत्र होते. तेव्हा पाणी खूप चढते आणि खूप उतरते. याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास सूर्य आणि चंद्र वेगवेगळ्या बाजूंनी ओढतात. मग पाणी थोडे चढते आणि थोडेच उतरते. याला भांग म्हणतात.

फरक किती पडतो? मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाला भरती-ओहोटीच्या पाण्यात साडेतीन मीटरांहून अधिक फरक असतो. म्हणजे दोन पुरुष उंची झाली. भांगाला हा फरक दीड मीटरच्या आसपास असतो.

हे कळले नाही तर काय होते, ते अलिबागला चांगले दिसते. अलिबागच्या किनाऱ्यासमोर पाण्यात कुलाबा किल्ला आहे. १६८० साली शिवाजी महाराजांच्या अखेरच्या दिवसांत त्याचे काम सुरू झाले. संभाजी महाराजांच्या काळात ते पुरे झाले. पुढे तो कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे मोठे ठाणे होता. ओहोटीला पाणी दूर गेले की किल्ल्यापर्यंत चालत जाता येते. भरतीला किल्ल्याभोवती सगळीकडे पाणी असते.

एका रथसप्तमीला आम्ही घरची मंडळी अशीच आयत्या वेळी निघालो. आमचे गाव पेणजवळ. नातू तेव्हा आठ महिन्यांचा होता. सकाळी चहा पिताना मुलगा म्हणाला, "अण्णा, आज समुद्रावर जाऊ या का?" सूनबाईंनी लगेच भाकऱ्या थापायला घेतल्या. पेणहून वडखळ, पोयनाड, कार्ले खिंड करीत एस.टी. अलिबागला पोचली, तेव्हा नऊ वाजून गेले होते.

सप्तमी होती. साताची पाऊणपट सव्वापाच. संध्याकाळी सव्वापाचला भरती, म्हणजे सकाळी सव्वाअकराला ओहोटी. मुलगा म्हणाला, "अगदी वेळेवर आलो. अकराला चालत किल्ल्यात जाऊ. बाळाला मी कडेवर घेतो."

जवळच एक म्हातारे कोळीदादा जाळे विणीत बसले होते. आम्ही त्यांना विचारले. ते म्हणाले, "गुरुजी, वेळ तुमची बरोबर हाय. पन आज भांगाचं पानी. वाट पुरती सुकायची नाय. मोठा मानूस मांडीभर पान्यातनं जाईल. कडेवर पोर घेऊन पाय घसरला, तर?"

मुलाचे तोंड उतरले. सूनबाई म्हणाल्या, "किल्ला कुठं पळून जातोय? साडेतीनशे वर्षं होत आली, उभाच आहे. बाळ चालायला लागला की येऊ." त्या दिवशी आम्ही किल्ला किनाऱ्यावरूनच पाहिला.

मग किल्ल्यात चालत जावे तरी केव्हा? उधाणाच्या दिवसांत ओहोटीला वाट चांगली उघडी पडते. पण ती ओहोटी सकाळी लवकर आणि संध्याकाळी, सहाच्या सुमारास येते. संध्याकाळी किल्ल्यात गेले की परतताना अंधार आणि भरती दोन्ही गाठतात. भरती लागली की वाटेतल्या खोलगट जागा आधी भरतात. मागे वळून पाहावे तो वाट पाण्याखाली गेलेली! मोठ्या माणसांनीही स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय जाऊ नये. तान्हे बाळ कडेवर असताना तर हा बेतच करू नये.

बाळाची दुपार

सकाळी दहा ते दुपारी चार ही उन्हाची वेळ. या वेळात बाळाला सावलीतच ठेवावे. बाळाची कातडी पातळ असते. त्याला घामही कमी येतो. म्हणून त्याचे अंग लवकर तापते. समुद्रावर गार वारा असतो, त्यामुळे ऊन लागते आहे हे कळत नाही. शिवाय वाळू आणि पाणी दोन्ही उन्हाची तिरीप परत अंगावर टाकतात.

किनाऱ्यावर सुरूची झाडे असली तर उत्तम. आम्ही सुरूच्या दोन झाडांना आजीच्या जुन्या लुगड्याची झोळी बांधली. झोळी जमिनीपासून हातभरच उंच ठेवली आणि शेजारी एकजण बसून राहिला. वाऱ्याच्या झुळकीने बाळ दोन तास गाढ झोपले. तेवढ्यात सगळ्यांची जेवणे झाली. सूनबाईही घटकाभर आडव्या झाल्या. घरी असत्या तर त्यांना ही घटका मिळाली नसती!

एक गोष्ट लक्षात ठेवा. ऊन लागू नये म्हणून बाळाच्या तोंडावरून जाड दुपटे टाकू नका. आत हवा कोंडते आणि उष्मा वाढतो. तोंड उघडे ठेवावे आणि सावली वरून करावी, छत्रीने किंवा झाडाने. मधूनमधून बाळाच्या मानेला मागून हात लावून पाहावा. मान गरम किंवा घामट लागली, तर एक कपडा कमी करावा आणि बाळाला पाजावे.

पाण्याजवळ

चार वाजले की उन्हाची धार कमी होते. मग बाळाला पाण्याशी न्यावे. आमच्या नातवाचे पाय ओल्या वाळूला लावले, तेव्हा त्याने ते झटकन वर ओढले. मग हळूच एक पाय टेकला. तेवढ्यात लाटेचा फेस आला आणि बोटांखालची वाळू सरकली. तो आधी दचकला, मग खिदळू लागला. पुन्हा लाट येईना म्हणून हात हलवू लागला. आजी म्हणाली, "बोलावतोय बघा समुद्राला!" सकाळी "नेऊ नका" म्हणणारी हीच आजी!

पण या सुखाला काही नेम हवेत. बाळाला धरणाऱ्याने घोट्याहून खोल पाण्यात जाऊ नये. समुद्राकडे पाठ करून उभे राहू नये. एकाने बाळाला धरावे, दुसऱ्याने लाटेकडे लक्ष ठेवावे. फोटो काढण्याच्या नादात दोघांचेही लक्ष जाऊ देऊ नये. भरती चढत असेल तर लाटेबरोबर मागे सरत यावे.

पाणी आत का ओढते? लाटा पाणी किनाऱ्यावर आणून टाकतात. ते पाणी परत समुद्रात जायला एखादी अरुंद वाट काढते. त्या वाटेत ओढ फार असते. गंमत अशी, की त्या जागी लाटा कमी फुटतात, म्हणून पाणी शांत दिसते. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. असा कुणी ओढला गेलाच, तर त्याने सरळ किनाऱ्याकडे झगडू नये, दम संपतो. तरंगत राहावे, हात वर करून हाक मारावी आणि जमेल तसे किनाऱ्याला धरून बाजूला सरकावे. समुद्राला हलके समजू नका. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. ती तर हातीपायी धड, तरुण मुले होती.

किनाऱ्यावर पाट्या असतात. 'पोहण्यास मनाई' किंवा 'धोका' असे त्यांवर लिहिलेले असते. आता तुम्हाला त्या वाचता येतात. वाचा आणि माना. न वाचणारा सोबत असेल तर त्यालाही वाचून दाखवा.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. म्हणजे दोन मोठे चमचे भरून. हे पाणी बाळाच्या पोटात जाऊ देऊ नये. बाळ हाती लागेल ते तोंडात घालते. बसवण्याआधी वाळूतले शिंपले, काचा, प्लॅस्टिक वेचून टाकावे. खेळ झाला की गोड्या पाण्याने बाळाचे अंग धुवावे. मान, काखा आणि जांघा नीट पुसून कोरडे कपडे घालावेत. मिठाचे पाणी घडीत राहिले तर कातडी लाल होते.

आणखी एक. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. समुद्रावर जन्म काढलेले कोळीही १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या मासेमारीला घालत नाहीत. सरकारची तशी बंदी असते. मासे त्या दिवसांत वाढतात, आणि माणसांचे जीवही वाचतात. कोळी जिथे थांबतो, तिथे आपण बाळ घेऊन का जावे? जून ते सप्टेंबर समुद्र लांबूनच पाहावा.

केव्हा परतावे?

बाळ सांगेल तेव्हा. बाळ बोलत नाही, पण सांगते. खूप वेळ लंगोट ओला झाला नाही, तोंड कोरडे पडले, रडताना डोळ्यांत पाणी येत नाही, टाळू खोल गेली, बाळ मलूल झाले किंवा पीत नाही, तर सहल तिथेच संपली असे समजावे. बाळाला सावलीत घ्यावे, पाजत राहावे आणि लगेच जवळच्या दवाखान्यात न्यावे. "घरी गेल्यावर बघू" म्हणू नये.

यांतले काही नसले, तरी बाळ नुसते किरकिरू लागले की सामान आवरावे. शेवटची एस.टी. धरण्याऐवजी तिच्या आधीची धरावी. उजेडात घरी पोचलेले बरे. पैसे खर्चून आलो आहोत, तेव्हा आणखी तासभर थांबू, असे मनात आणू नये. मोठ्यांचा हट्ट बाळाच्या अंगावर निघतो. समुद्र उद्याही आहे. पुन्हा मन झाले की पुन्हा निघता येते.

सांगा पाहू

१. आज कोणती तिथी आहे? कॅलेंडरात वाचा.

२. आज भरती किती वाजता? ओहोटी किती वाजता?

३. आज उधाण जवळ आहे की भांग?

४. चार महिन्यांच्या बाळाला उन्हात तहान लागली, तर त्याला काय द्याल?

५. घरात कुणाला अजून वाचता येत नाही? त्यांना हा धडा आज वाचून दाखवा.